मिरचीचे बी आणि आषाढाचा गारठा

बेळगावातील एका जुन्या घरात गेल्या आषाढात एक कागदी पुडी उघडली गेली. पुडीत मिरचीच्या चाळीस बिया होत्या. घरातील आजींचे माहेर हुक्केरी तालुक्यातले. तेथे त्यांच्या भावाच्या शेतात संकेश्वरी जातीची लांब, तिखट मिरची वर्षानुवर्षे घरच्याच बियाण्यावर होत आली होती. भाऊ गेले, शेतात ऊस आला, आणि शेवटच्या तोडणीतील डबाभर मिरच्यांपैकी उरले ते हे चाळीस दाणे. तेही दोन वर्षांचे जुने.

ज्या घरात वर्षाच्या चटणीत कांदा नाही आणि लसूणही नाही, त्या घरात मिरचीची पारख अधिक काटेकोर होते. कांदा-लसणाच्या आधाराने साधारण मिरचीही निभावून जाते. पण धने, जिरे, खोबरे, तीळ आणि मिरची एवढ्यावरच ज्या चटणीची चव उभी राहते, तेथे मिरचीला स्वतःचा स्वाद असावाच लागतो. रंगासाठी ब्याडगी बाजारात मिळते, तिखटपणासाठीही काही ना काही मिळते. आजींचे म्हणणे असे, की भावाच्या शेतातल्या मिरचीचा वास बाजारच्या मिरचीला नाही. हा केवळ माहेरचा ओढा असेल असे सुनेला पूर्वी वाटे. गेली दोन वर्षे बाजारच्या मिरचीची चटणी खाल्ल्यावर तिचेही मत बदलले.

चाळिसांपैकी वीस बिया आजींनी स्वतः लावल्या. परसातली काळी माती, तिच्यात शेणखत, एक मोठी कुंडी, आणि पावसाचा मार नको म्हणून ती कुंडी गॅलरीत. सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी. मिरचीचे बी साधारणतः आठ-दहा दिवसांत उगवते, हा त्यांचा माहेरचा अनुभव. दहा दिवस झाले, पंधरा झाले. मातीवर हिरवे शेवाळ आले, बारीक चिलटे फिरू लागली, पण मिरचीचा पत्ता नव्हता. अठराव्या दिवशी एक कोंब दिसला, मग आणखी तीन. त्यांतले तीन कोंब चारच दिवसांत आडवे झाले. मातीलगत देठ दोऱ्यासारखा बारीक आणि तपकिरी, वरची दोन पाने मात्र अजून हिरवीगार. चोविसाव्या दिवशी सुनेने कुंडी उकरली, तेव्हा उरलेल्या बिया बोटांत धरताच पिचल्या.

“बीच मेलं होतं म्हणायचं,” असे म्हणून आजी आत गेल्या. उरलेली पुडी त्यांनी देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवून दिली आणि दोन दिवस त्या विषयावर बोलल्या नाहीत.

वस्तुतः बी मेलेले नव्हते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. आषाढ-श्रावणात तेथे दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. दुपारचा पारा २५ अंशांच्या आसपास असतो आणि रात्री तो २० अंशांपर्यंत उतरतो. ओल्या मातीचे तापमान हवेपेक्षाही थोडे कमीच राहते, कारण ओलावा उडून जाताना मातीतील ऊब घेऊन जातो. मेथी किंवा कोथिंबीर या हवेत सुखाने उगवते. मिरचीचे तसे नाही. ती मूळची मेक्सिकोकडची, पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आलेली. येथे येऊन चार शतके उलटली, तरी बियाची उबेची अपेक्षा कायम आहे. २५ ते ३० अंशांना हे बी आठवडा-दहा दिवसांत उगवते; २० अंशांना त्याच बियाला दोन-तीन आठवडे लागतात; १५ अंशांच्या खाली तर उगवण नावालाच उरते.

या विलंबाचे कारण बियाच्या रचनेत आहे. मिरचीच्या चपट्या बियात गर्भ वेटोळे घालून बसलेला असतो आणि त्याच्याभोवती अन्नसाठ्याचा एक घट्ट थर असतो. मुळाच्या टोकासमोरचा हा थर मऊ पडल्याशिवाय मूळ बाहेर येऊ शकत नाही. तो मऊ करणारी क्रिया उबेत वेगाने होते आणि गारव्यात रेंगाळते. बी जिवंत असते, पाणी प्यायलेले असते, पण दार उघडत नाही.

नुसता विलंब झाला असता तर बिघडले नसते. परंतु त्याच गार, ओल्या मातीत पिथियमसारख्या बुरशींना मात्र पूर्ण अनुकूलता असते. रोपवाटिकेत ज्याला ‘मर’ किंवा ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात तो रोग याच जातीच्या बुरशींमुळे होतो. त्या उगवण्याआधी बी कुजवतात आणि उगवल्यानंतर मातीलगत देठ पोखरतात. म्हणजे कुंडीत एक शर्यत चाललेली असते. बी आठ दिवसांत बाहेर आले तर बहुधा बीच जिंकते; ते वीस दिवस ओल्या मातीत पडून राहिले तर बुरशीला हवा तेवढा वेळ मिळतो. आजींच्या कुंडीत रोज दोन वेळा घातलेल्या पाण्याने माती आणखी गार केली, तिच्यातली हवा घालवली आणि शर्यत एकतर्फी करून टाकली. त्या वीस बियांना मायेनेच मारले, असे म्हणणे कठोर असले तरी खरे आहे.

सुनेने उरलेल्या वीसांतून पाच बिया मागून घेतल्या. जुन्या बियाण्याचा जिवंतपणा पाहण्यासाठी ते पाण्यात टाकून तरंगणारे बी फेकून द्यावे, असे पुष्कळजण सांगतात. मिरचीच्या बाबतीत ही परीक्षा विश्वासार्ह नाही. तिचे वाळलेले बी हलके असते आणि चांगले बीसुद्धा बराच वेळ तरंगते. त्यापेक्षा ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात बी गुंडाळून उबेत ठेवणे हीच खरी चाचणी. प्रश्न होता तो उबेचा. घरात खोलीचे तापमान मोजायचा एक साधा तापमापक होता. तो दोन दिवस घरभर फिरवला तेव्हा गॅलरीत २१, माजघरात २२, स्वयंपाकघराच्या ओट्यावर दुपारी २५ आणि पहाटे २२ अंश असे आकडे मिळाले. कुठेच बियाला हवी तशी सलग ऊब नव्हती.

उत्तर निघाले ते विरजणातून. बेळगावच्या पावसाळ्यात दही लागणे ही घरोघरची अडचण आहे. ओट्यावर ठेवलेले विरजण सकाळी दुधासारखेच पातळ असते. या घरात आजी कोमट दुधाचे भांडे पिठाच्या डब्यात पुरून ठेवतात, म्हणजे दही घट्ट लागते. सुनेच्या मनात आले, की जे विरजणाला हवे तेच बियाला हवे. मात्र यात एक फरक ध्यानात घ्यायला हवा. पीठ ऊब निर्माण करत नाही, ते फक्त धरून ठेवते. ऊब दुधाची असते. मिरचीच्या बियाला स्वतःची ऊब नसते, म्हणून त्याच्याजवळ ती बाहेरून आणून ठेवावी लागते.

औषधांच्या पार्सलबरोबर आलेला एक थर्माकोलचा खोका माळ्यावर होता. त्याच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेली रबरी शेकाची पिशवी, तिच्यावर पालथी घातलेली जाळीची चाळण, चाळणीवर बियांचा डबा, आणि वरून झाकण किंचित उघडे. पिशवीत सकाळी आणि रात्री गरम पाणी भरायचे, उकळते नव्हे. खोक्यातला पारा भरल्यावर ३१-३२ अंशांवर जाई आणि पुढच्या भरण्याच्या वेळी २५ अंशांच्या जवळ येई. एवढा चढउतार मिरचीला चालतो. नवव्या दिवशी फडके उलगडले तेव्हा पाचांपैकी तीन बियांना पांढरी मुळे आली होती. सुनेने ते फडके तसेच ताटलीत घालून आजींच्या समोर नेऊन ठेवले. आजींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि उठून कपाटातली पुडी आणून दिली.

दुसऱ्या वेळी मातीच बदलली. परसातली माती घ्यायची आणि मग तिच्यातली बुरशी मारण्यासाठी औषधे ओतायची, यापेक्षा बुरशीला आमंत्रणच न देणे सोपे असते. धुतलेला कोकोपीट दोन भाग, चाळलेले आणि पूर्ण कुजलेले गांडूळखत एक भाग, आणि जाड वाळू एक भाग. नुसता कोकोपीट पावसाळ्यात वापरू नये. तो पाणी इतके धरून ठेवतो, की दमट हवेत आठवडाभरही वाळत नाही. वाळू नसेल तर भाताच्या तुसाची काळी राख चालते. या मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा मिसळला. ही उपकारक बुरशी असून ती मर रोगाच्या बुरशींना जागा मिळू देत नाही. कृषी सेवा केंद्रात ती भुकटीच्या रूपात सहज मिळते. मिश्रण मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पण बोटांतून थेंब गळू नये, एवढाच ओलावा.

रोपवाटिकेत मिरचीसाठी बहुधा ९८ कप्प्यांचे ट्रे वापरतात. त्यातला कापलेला एक तुकडा पंधरा बियांना पुरला. बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवून सकाळी प्रत्येक कप्प्यात एक याप्रमाणे अर्धा सेंटिमीटर खोल पेरल्या आणि वरून कोरड्या वाळूचा पातळ थर पसरला. या वाळूमुळे पृष्ठभाग कोरडा राहतो. शेवाळ धरत नाही आणि चिलटांना अंडी घालायला ओली जागा मिळत नाही. मोड आलेल्या तीन बियाही मूळ खाली करून त्याच ट्रेमध्ये गेल्या.

येथे परदेशी पुस्तकांतून येणाऱ्या एका सल्ल्याविषयी सावध राहायला हवे. घरात मिरचीचे बी रुजवण्यावर इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ लिहिले गेले आहे, कारण तेथे हिवाळा संपण्याआधीच खिडकीत रोपे तयार करावी लागतात. ट्रेवर पारदर्शक झाकण ठेवा, दिवसातून दोनदा फवारा मारा, असे त्यात सांगितलेले असते. हिवाळ्यात तापवलेल्या घरातील हवा अतिशय कोरडी असते. तेथे हा सल्ला योग्यच आहे. लेस्टरला राहणाऱ्या लेकीने तो पाळावा. बेळगावच्या श्रावणात हवाच ओली असते. येथे झाकणाचा उपयोग फक्त ऊब राखण्यापुरता, आणि तोही पहिला कोंब दिसेपर्यंतच. फवाऱ्याची तर मुळीच गरज नाही. आंबोली, महाबळेश्वर, आजरा, चंदगड या पट्ट्यातील घरांनाही हेच लागू आहे.

पाण्यावरून मात्र घरात थोडे बिनसले. “आई, वरून पाणी घालू नका,” असे सुनेने सांगितले होते. ट्रे उचलून पाहायचा. हलका लागला तरच परातीतल्या कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवायचा आणि निथळून पुन्हा खोक्यात. असे तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदा. आजींना हे पटेना. “तान्ह्या जिवाला तहान लागत नाही का गं?” हा त्यांचा प्रश्न. एका दुपारी सून बाहेर गेलेली असताना त्यांनी ट्रेच्या एका कोपऱ्यावर वाटीभर पाणी घातलेच. त्या कोपऱ्यातील चार कप्पे रिकामेच राहिले. पुढे हे त्यांनीच सांगितले, कोणी विचारले नसताना.

नवव्या दिवशी पहिला कोंब वाकलेल्या टाचणीसारखा वर आला आणि पंधराव्या दिवसापर्यंत पंधरांपैकी दहा उगवले. मोड आलेले तीनही टिकले. बी उगवल्यावर काम संपले असे वाटते. खरे तर तेथून वेगळे काम सुरू होते, आणि बहुतेक रोपे याच टप्प्यावर जातात. उगवणीपर्यंत बियाला ऊब हवी, उजेड नसला तरी चालते. उगवल्यावर उलट. आता ऊब थोडी कमी झाली, २०-२४ अंश असली, तरी भागते. पण उजेड भरपूर हवा. बंद, उबदार खोक्यात आणखी दोन दिवस राहिलेले रोप उंच, फिकट आणि कमकुवत होते, आणि असा लांबुडका देठ बुरशीला आयताच सापडतो. म्हणून पहिला कोंब दिसला त्याच दिवशी ट्रे खोक्याबाहेर आला.

ढगाळ दिवसांत खिडकीचा उजेड पुरत नाही. डोळ्यांना तो पुरेसा वाटतो, रोपाला नाही. स्वयंपाकघरातील फडताळाखाली २० वॅटची साधी पांढरी एलईडी पट्टी बसवली आणि रोपांच्या टोकापासून वीतभरापेक्षा कमी अंतरावर ती दिवसातून चौदा तास चालू ठेवली. यासाठी महागड्या जांभळ्या दिव्यांची आवश्यकता नाही. याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे वारा. टेबलफॅन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, सर्वांत कमी वेगावर, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. पाने जेमतेम हलावीत एवढाच. दमट घरात स्थिर हवा हाच रोपांचा मोठा शत्रू आहे. पंख्याने देठाजवळची ओल सुकते आणि देठ जाडही होतो.

एक रोप नातवाच्या उत्साहाने गेले. उगवताना बियाचे टरफल कधीकधी पानांवर टोपीसारखे अडकून राहते. त्याने ती टोपी चिमटीत धरून ओढली आणि पानांसकट शेंडा हातात आला. अशा टोपीवर कोमट पाण्याचा एक थेंब ठेवावा आणि तास-दोन तासांनी पाहावे. बहुधा ती आपोआप सुटते. नाही सुटली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब.

खरी पाने आल्यावर दर आठवड्याला अगदी सौम्य पातळ खत आणि भाद्रपदात पावसाने उघडीप दिल्यावर रोज थोडा वेळ गॅलरीत. सहा आठवड्यांची, वीतभर उंच झालेली रोपे नवरात्राच्या सुमारास परसातील उंच वाफ्यावर गेली. पहिल्या कुंडीतून वाचलेले एकुलते रोपही त्यांच्या शेजारी लागले. दोन रोपे गोगलगायींनी खाल्ली. अकरा राहिली.

ज्याला निवड आहे, त्याने आषाढाची वाट पाहू नये. मेच्या मध्यावर जमीन तापलेली असते, हवा कोरडी असते, आणि गादीवाफ्यावर पेरलेले मिरचीचे बी कोणत्याही खोक्याविना आठ-दहा दिवसांत उगवते. शेतकरी हंगामाची रोपे त्याच सुमारास धरतात ती उगीच नव्हे. शेकाची पिशवी आणि एलईडीची पट्टी हा उशीर झालेल्यांचा मार्ग आहे. पण घराघरांतून सापडणाऱ्या पुड्या मुहूर्त पाहून सापडत नाहीत, आणि मिरचीचे बी साध्या साठवणुकीत दोन-तीन वर्षांपलीकडे झपाट्याने क्षीण होते. पुढच्या मेपर्यंत थांबले असते तर त्या चाळिसांतून किती उठले असते, हा हिशेब आजींनीही मनात केला असावा.

कार्तिकात फुले आली. मिरचीत परपरागीभवन बऱ्याच प्रमाणात होते आणि शेजारच्या परसात कोणती मिरची आहे हे मधमाशी पाहत नाही. म्हणून सर्वांत निकोप अशा दोन रोपांची एकेक फांदी, कळ्या उमलण्याआधीच, मलमलीच्या पिशवीत बांधली आणि सकाळी ती फांदी हलकेच हलवण्याचे काम नातवाकडे दिले. मिरचीचे फूल आपल्याच परागांनी फळ धरते, त्यामुळे पिशवीतही मिरच्या लागल्या. फळ धरल्यावर पिशवी काढून त्या देठांना लाल दोरा बांधला, म्हणजे घाईत कोणी तोडू नये.

पौषात त्या मिरच्या झाडावरच पूर्ण लाल झाल्या. बी काढून सावलीत वाळवले. दाणा वाकवल्यावर न वाकता कडकन मोडला, तेव्हा वाळवण पुरे झाले असे समजले. सुनेने बी काचेच्या लहान बाटलीत भरून वर तारीख लिहिली. बियाण्यातील ओलावा एका टक्क्याने कमी केला तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते आणि तापमान पाच अंशांनी कमी केले तर पुन्हा दुप्पट, असा बीजशास्त्रात एक ढोबळ नियम आहे. त्यामुळे घट्ट झाकणाची बाटली फ्रीजमध्ये, हे तिचे ठरलेले होते.

आजींचा फ्रीजवर विश्वास नाही. गारठ्याने काय केले ते आषाढात पाहिले, असे त्यांचे म्हणणे. कोरडे बी गारव्यात झोपते आणि ओले बी गारव्यात कुजते, हा फरक सुनेने दोनदा समजावून सांगितला. शेवटी वाटणी झाली. निम्मे बी फ्रीजमध्ये राहिले. निम्मे आजींनी गोवऱ्यांच्या चाळलेल्या राखेत मिसळून पितळी डबीत भरले आणि ती डबी पुडीच्या जुन्या जागी, देव्हाऱ्याच्या कपाटात ठेवली. मेमध्ये दोन्हींतले वीस-वीस दाणे शेजारी शेजारी पेरायचे ठरले आहे.